घाल, काढ, घाल

पंधरा ऑगस्टला कोल्हापूरकर दोन गोष्टी चुकवत नाही, झेंडावंदन आणि जिलेबी. सकाळी सातलाच चौकाचौकात कढया तापलेल्या असतात. यंदा आम्ही अर्धा किलो जिलेबी पिशवीत टाकली आणि पन्हाळ्यावरून मसाई पठाराकडे चालत सुटलो. आम्ही म्हणजे मी आणि माझा मेहुणा. तो पुण्याचा. नवाकोरा रेनकोट, त्याच रंगाची पँट, सॅकलासुद्धा वेगळं आवरण. शिवाय मोबाइलवर बघून त्यानं जाहीर केलं होतं, "दोनपर्यंत पाऊस नाही, भावजी."

गडाच्या राजदिंडी दरवाजातून उतरलो तेव्हा खरंच ऊन होतं. तुरुकवाडी मागं पडली, म्हाळुंग्याच्या वाटेला लागलो आणि पहिली सर आली. मेहुण्यानं सॅक उतरवली, रेनकोट काढला, उजवी बाही शोधली, डाव्या बाहीत उजवा हात घातला, चेन लावली. तोवर सर पलीकडच्या टेकाडावर. ऊन पडलं. आत माणूस उकडायला लागला. काढला, घडी केली, कोंबला. की पुन्हा सर. पठारावर पोचेपर्यंत हे सात वेळा झालं. मोजायला मला दुसरा उद्योग नव्हता, माझ्याकडं छत्री होती. तीही आठव्या सरीला उलटली.

त्या मोबाइलला दोष देण्यात अर्थ नाही. कोकणातून येणारा वारा ढग सह्याद्रीवर चढवतो, ते तिथंच बहुतेक रिते होतात आणि उरलंसुरलं आमच्याकडं येतं. गगनबावड्याला वर्षाला पाच-सहा हजार मिलीमीटर पाऊस, आणि तिथून पन्नास-पंचावन्न किलोमीटरवरच्या कोल्हापुरात हजाराच्या आसपास. मधल्या मुलखात पाऊस सांडत, थांबत, पुन्हा सांडत येतो. त्याचं वेळापत्रक काढायचं म्हणजे वडापवाल्याला, म्हणजे शेअर जीपवाल्याला, सुटायची वेळ विचारण्यासारखं. भरलं की सुटणार.

पठारावर तर ढगातच शिरलो. खाली काळा जांभा, त्यावर घोट्याएवढं पाणी, आणि पाण्याच्या कडेनं सीतेची आसवं. निळं-जांभळं, नखाएवढं फूल, वाकून बघावं तर त्याच्यावर त्याच्याहून मोठा थेंब. दहा पावलांपलीकडं काही दिसत नव्हतं. मसाईचं देऊळ आधी ऐकू आलं, मग दिसलं. कुणीतरी घंटा वाजवली म्हणून बरं.

देवळाच्या आडोशाला बसल्यावर मेहुण्यानं विचारलं, "महाराज याच वाटेनं गेले ना?" याच वाटेनं. जुलै 1660, आषाढी पौर्णिमेची रात्र. वेढ्यातून निसटायला कुणी पौर्णिमा निवडेल का, असं शाळेत मला नेहमी वाटायचं. इथं बसलो आणि कळलं. आषाढात या डोंगरावर चंद्र असला काय, नसला काय. आम्ही भरदुपारी देऊळ शोधत होतो! आणि ते सहाशे जण पालखी घेऊन, मागावर शत्रू असताना, अंधारात हा चिखल तुडवत गेले. आम्हाला चेन अडकल्याचं दुःख होतं.

मग पठार संपवून कुंभारवाडीच्या बाजूला उतरलो. इथं दरी उघडते. खाली भाताच्या पायऱ्या, वर नाचणीचे तुकडे, मधून ओढा. एका वावरात चौघी भांगलत होत्या. डोक्यावर खताच्या पोत्याची खोळ. पोत्याचा तळाचा एक कोपरा दुसऱ्या कोपऱ्यात आत ढकलायचा, टोपडं तयार. डोकं झाकलं, पाठ झाकली, पुढं दोन्ही हात मोकळे. चेन नाही, बाही नाही. सर आली तरी खुरप्याची लय मोडली नाही, ऊन पडलं तरी नाही.

आमच्या नशिबानं नेमकी तेव्हाच सर आली आणि मेहुणा बांधावर एका पायावर उभा राहून पँट चढवायला लागला. एक आजी उठून बघत राहिल्या.

"का ओ पाव्हणं, आता तर उघडंल की!"

उघडलं. पँट गुडघ्यापर्यंत आली होती.

जिलेबीची पुडी सोडली तर कागद आणि जिलेबी एकजीव झालेले. तरी आजींपुढं धरली. "झेंड्याची जिलेबी व्हय," म्हणत त्यांनी कागद बाजूला करून एक वेढं खाल्लं आणि बाकीच्यांना हाक मारली. पुडी तिथंच संपली.

डांबरी रस्त्यावर वडाप मिळाली. बारा माणसांत आम्ही दोघे ओले, सगळे आमच्यापासून जमेल तेवढे लांब सरकलेले. घरी पोचलो तर आई दारात, "इथं थेंब नाही. उगाच पापड घातले नाहीत."

मेहुण्याचा रेनकोट गॅलरीत तीन दिवस वाळत होता आणि तीन दिवस वास मारत होता. चौथ्या दिवशी पुण्याला निघताना त्यानं तो सॅकमध्ये कोंबला आणि आईला हळूच विचारलं, "आई, घरात एखादं रिकामं पोतं असेल का?"