०.९९ आला कुठून?

अंतराळयानावर दोन संगणक. एक चालू, दुसरा बंद ठेवलेला. पहिला कोलमडला की दुसऱ्यानं कारभार हाती घ्यायचा. या जोडीची विश्वासार्हता काढणं हे माझं काम. मार्कोव्ह मॉडेलचं, म्हणजे यंत्रणा एका स्थितीतून दुसरीत जाण्याच्या संभाव्यतांचं गणित अर्ध्या तासात होतं. महिने जातात ते त्यात घालायचे आकडे मिळवण्यात, आणि नेमका तोच वेळ वरिष्ठ द्यायला तयार नसतात.

सगळ्यात नाजूक आकडा कव्हरेजचा, म्हणजे बिघाड ओळखला जाऊन राखीव संगणक सुखरूप सुरू होण्याची संभाव्यता. मी ०.९९ धरला होता. एका जुन्या अहवालातून उचलला होता, आणि मला कुणी काही विचारलंही नव्हतं.

त्या दिवशी फॉल्ट इंजेक्शन होतं, म्हणजे जाणूनबुजून बिघाड घडवण्याची चाचणी. अंतराळातला किरणोत्सर्ग उलटवतो तसे रजिस्टरांत, मेमरीत मुद्दाम बिट उलटवत होतो. संगणक खरोखर कोलमडला अशा २०० प्रसंगांपैकी २० वेळा राखीव संगणक उठलाच नाही. वीसही वेळा तेच: मुख्य प्रोग्रॅम अडकलेला, दिशानियंत्रणाचे आदेश थांबलेले, आणि वॉचडॉगला, म्हणजे ठरावीक वेळेत रीसेट झाला नाही तर बिघाड समजणाऱ्या टायमरला, पत्ता नाही. त्याला रीसेट करणारी ओळ टायमर इंटरप्टमध्ये होती, म्हणजे मुख्य प्रोग्रॅमला मध्येच थांबवून ठरावीक वेळानं आपोआप चालणाऱ्या तुकड्यात. प्रोग्रॅम मेला तरी इंटरप्ट चालूच राहतो! इतकी प्राथमिक चूक, आणि तपासणीच्या कागदावर तिघांच्या सह्या. मला अजून राग येतो.

बिघाडदर गुणिले मोहिमेचा काळ ०.१ धरला, तर ०.९९ कव्हरेजला मोहीम बुडण्याची शक्यता ०.५६ टक्के येते. चाचणीत दिसलेल्या ०.९ ला १.३७. बैठकीत लगेच सूचना आली, तिसरा संगणक लावा. तिथंच गणित करून दाखवलं: तीन लावूनही १.०१. शिवाय तिसऱ्यातही तीच ओळ असणार. १९९६ साली एरियान ५ या युरोपीय रॉकेटच्या पहिल्या उड्डाणात राखीव जडत्वीय यंत्रणा, म्हणजे रॉकेटची दिशा नि गती मोजणारी यंत्रणा, होतीच. सॉफ्टवेअर तेच, म्हणून मुख्य यंत्रणेच्या आधी तीच त्याच कारणानं बंद पडली.

ओळ मुख्य चक्रात हलवली. पुन्हा चाचणी, २०० पैकी २०० यशस्वी. "आता ०.९९ ठेवायला हरकत नाही ना?" सहकाऱ्यानं विचारलं. आहे. एकही अपयश नसलं तरी २०० चाचण्यांवरून ९५ टक्के खात्रीनं ०.९८५ च्या वर जाता येत नाही. मी तोच लिहिला.

पण तेही बिट कुठं उलटवायचे त्या जागा खऱ्या किरणोत्सर्गाशी जुळत असतील तरच. त्या जागांची यादी मीच केली होती. पुढच्या फेरीची यादी दुसऱ्या गटाकडून मागवली आहे.