शहागंजातला केवडा

आज शहागंजात अत्तरवाल्या चाचांनी मनगटावर रूह केवडा टेकवला. पहिला झटका इतका उग्र की नाक मागंच सरलं! मिठाईतल्या इसेन्सचा गुळमटपणा यात औषधालाही नाही. आधी मधासारखा दाट दरवळ, त्यात जराशी मिरमिर, मग हिरव्या पानाचा ओला वास. तासाभरानं उग्रपणा ओसरला नि कातडीला मऊ गोडवा चिकटून राहिला.

कणीस ओडिशातल्या गंजामचं, तेही नर झाडाचंच. मादीला हा वास नसतो. तांब्याच्या डेगीत पाण्यासोबत चढवतात. वाफ चंदनतेलात उतरवली की अत्तर, निव्वळ तेल काढलं की रूह.

आई म्हणाली, "महालक्ष्म्यांच्या पूजेसारखा वास येतोय की गं!" रूहचा भाव तिला सांगितलाच नाही. मी आपली अत्तराची बारकी कुपी आणलीय. चाचा म्हणतात, रूह दिवाळीला घ्या. बघू.