तरवड

घटाला तरवडाची माळ हवीच, हा आमच्या सासूबाईंचा नियम. म्हणून दर नवरात्रात मी सकाळी फुलबाजारात जाऊन, दुपारपर्यंत माना टाकणाऱ्या पिवळ्या फुलांचा वाटा विकत आणायची. तीच फुलं आमच्या नाशकात म्हसरूळला, चामरलेणीच्या डोंगराच्या पायथ्याशी, मुरमात कुणी न लावता उभी असतात.

एकदा नर्सरीत रोप मागितलं. नर्सरीवाला हसला. "ताई, तरवड कोण विकत घेतं? गुलाब न्या." कधीकाळी गुलशनाबाद म्हणवणाऱ्या नाशकात तोही बिचारा दुसरं काय सांगणार!

मग मार्चमध्ये पायथ्याशीच चपट्या, तपकिरी, कागदासारख्या कुरकुरणाऱ्या शेंगा तोडून आणल्या. बी टणक, कढत पाण्यात रात्रभर भिजवल्याशिवाय दाद देत नाही. उगवलं, तेव्हा मी हरखून कोकोपीट, शेणखत, रोज सकाळी तांब्याभर पाणी असा पाहुणचार मांडला. तिन्ही रोपं मुळाशी कुजून गेली. लाडानंच गेली म्हणायची.

पुढच्या जूनमध्ये टाकीमागच्या मुरमाड कोपऱ्यात बी टोचलं आणि विसरून गेले. त्र्यंबकला कोसळणारा पाऊस आमच्यापर्यंत येईतो निम्म्याहून कमी उरतो. त्याला तेवढा पुरला. दसऱ्यानंतर थेंबभर पाणी दिलं नाही. एप्रिलमध्ये शेजारचा मोगरा दोन वेळा पाणी पिऊन रडत होता, हा मळकट हिरवा, पण उभा. मोकाट शेळ्यासुद्धा त्याला तोंड लावत नाहीत. पानाच्या देठाशी कानाच्या पाळीएवढी गोल उपपर्णं असतात. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसनं १७५३ साली ठेवलेल्या शास्त्रीय नावातलं 'ऑरिक्युलाटा' त्या कानांवरूनच आलं. या झाडाची साल कातडी कमवायला वापरत, हे सासूबाईंना ठाऊक होतं, लिनियस नव्हता.

तिसऱ्या पावसाळ्यात ते फुललं आणि भुंगे आले. काळे, निळसर पंखांचे, अंगठ्याच्या पेराएवढे. या फुलात मध नसतोच, सगळी कमाई परागाची, आणि तीही कुलूपबंद. परागकोश मिठाच्या डबीसारखे, फक्त टोकाला छिद्र. भुंगा फुलाला मिठी मारतो, पंख न हलवता आतले उडण्याचे स्नायू थरथरवतो, आणि पराग भुरभुरत त्याच्या पोटावर सांडतो. आवाज बदलतो तेव्हा कळतं. येताना घुर्रर्र, फुलावर बसला की एकदम बारीक, चिडका, दाढेवर यंत्र लावल्यासारखा. मधमाशीला ही युक्ती जमत नाही. मी चहा गार होईस्तोवर हे ऐकत बसते. घरात याला कामचुकारपणा म्हणतात.

गेल्या नवरात्रात सासूबाई परडी घेऊन सहालाच हजर. पहिल्या माळेला झाड पार ओरबाडलं. आठाच्या सुमारास भुंगा आला, रिकाम्या फांद्यांभोवती तीनदा फिरला, टाकीवर आपटला आणि निघून गेला. मी काही बोलले नाही. सासूबाई खिडकीतून बघत होत्या.

दुसऱ्या दिवशीची माळ विरळ दिसली. विचारलं, तर म्हणाल्या, "वरच्या फांद्यांना माझा हात पुरत नाही गं."

आदल्या दिवशी पुरला होता.