गुडघ्यातले पाणी आणि ‘वंगण संपले’

ठाण्यात नौपाड्यातील आमच्या जुन्या इमारतीला लिफ्ट नाही, त्यामुळे तिसऱ्या मजल्यावरून उतरून तलावपाळीला फेरी मारणे आईने बंद केले, तेव्हा शेजारीपाजाऱ्यांनी वंगण संपल्याचे निदान करून टाकले. पुढे अस्थिरोगतज्ज्ञांनी तिच्या सुजलेल्या गुडघ्यातून पाणी काढले आणि सिरिंजच्या टोकावरून एक थेंब सावकाश सोडला, तर पिवळसर, पारदर्शक अशी एकतारी पाकासारखी तार लोंबली. वंगण संपले नव्हते, उलट साठले होते. अहवालात पांढऱ्या पेशी घनमिलिमीटरला ८०० होत्या. निरोगी सांध्यात त्या २०० च्या आत असतात, तर आमवातात (रुमेटॉइड आर्थ्रायटिसमध्ये) बहुधा २,००० च्या वर जातात. आईचा ऑस्टिओआर्थ्रायटिस म्हणजे सांध्याची नुसती झीजच असेल, तर या पेशी तेथे कशाला जमल्या, हा प्रश्न मला तेव्हापासून सोडेना.

झिजलेल्या कूर्चेचे, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत थराचे, सूक्ष्म कण सांध्याच्या आतील अस्तरात जाऊन पोहोचतात. तेथे मॅक्रोफेज या भक्षक पेशी मुळातच वस्तीला असतात, आणि जंतू शिरल्यावर त्या जशा खवळतात तशाच या कणांमुळेही खवळतात. त्यांनी सोडलेल्या इंटरल्युकिन-१ आणि टीएनएफ या दाह वाढवणाऱ्या द्रव्यांमुळे कूर्चेतील पेशी स्वतःच्याच भोवतीचे कोलॅजन हे प्रथिन तोडणारी विकरे (एन्झाइम्स) तयार करू लागतात, त्यातून आणखी कण सुटतात आणि अस्तर पुन्हा सुजते. टी-पेशी आणि मास्ट पेशी या रोगप्रतिकारक पेशीही तेथे आढळतात, पण या घरात खरा वावर मॅक्रोफेजचाच.

असे असेल तर आमवाताची औषधे येथेही चालावीत, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात टीएनएफ रोखणारे अडालिमुमॅब हाताच्या ऑस्टिओआर्थ्रायटिसवर उपयोगी पडले नाही, तर इंटरल्युकिन-१ अडवणारे ल्युटिकिझुमॅब गुडघ्यावरही नाही. मेथोट्रेक्सेट या आमवाताच्याच औषधाने मात्र, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, अस्तराला सूज असलेल्या हातांचे दुखणे ६ महिन्यांत काहीसे कमी केले. स्टेरॉइडच्या इंजेक्शनाबाबत मी अधिक सावध झाले आहे, कारण २०१७ मधील एका अमेरिकन चाचणीत दर ३ महिन्यांनी २ वर्षे ते घेणाऱ्यांचे दुखणे सलाइन घेणाऱ्यांपेक्षा कमी झाले नाहीच, वर त्यांची कूर्चा अधिक विरली. मॅक्रोफेज सांध्यातील कचरा उचलतात, डागडुजीलाही हातभार लावतात. त्यांना सरसकट गप्प करणे म्हणूनच मला पटत नाही.

सध्या आई गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून, ती दाबत दहापर्यंत आकडे मोजते. वंगणाचे नाव ती आता काढत नाही, मात्र समोरच्या काकूंनी दिलेले तेल रात्री न चुकता चोळते.