मगवरची सूर्यफुलं

चित्रकार व्हिन्सेंट व्हॅन गॉगची सूर्यफुलं आता मगवर, छत्र्यांवर, अगदी मोज्यांवरही असतात. मला त्याचं वावडं नाही. मुळात ती काढली गेली सजावटीसाठीच. ऑगस्ट 1888 मध्ये, फ्रान्समधल्या आर्लला त्याचा चित्रकार मित्र गोगँ राहायला येणार म्हणून त्याची खोली सजवायला. फुलं लगेच माना टाकतात, म्हणून व्हिन्सेंट उजाडताच कामाला लागायचा.

माझा राग आहे तो मगवरच्या टवटवीतपणावर. लंडनच्या नॅशनल गॅलरीतलं चित्र नीट बघा: कित्येक फुलांच्या पाकळ्या झडल्यात, नुसते बियांचे गड्डे उरलेत, त्यांवर रंगाचा जाड, खरबरीत थर. पिवळ्यावर पिवळं चढवण्याची छाती लागते बुवा! त्यातला क्रोम यलो हा पिवळा रंग उजेडाने काळवंडतो, हे वेगळंच दुखणं.

व्हिन्सेंटने सूर्यफुलांची चित्रं एकाहून जास्त काढली; त्या मालिकेतलं एक चित्र 1945 च्या बॉम्बहल्ल्यात जपानमध्ये जळालं. दुसरं 1987 मध्ये जपानी विमा कंपनीनेच जवळपास 4 कोटी डॉलरला घेतलं. तेव्हा तो विक्रम होता. आणि 2022 मध्ये लंडनच्या चित्रावर खनिज तेलाविरोधातल्या आंदोलकांनी टोमॅटो सूप फेकलं. निषेधालासुद्धा हेच चित्र लागलं, कारण ते सगळ्यांना ओळखू येतं. वर काच होती म्हणून चित्र वाचलं, चौकटीला मात्र थोडी इजा झाली.