ग्रास रायफल घ्यायला सेंट-एतिएनला जाताना

जुन्या लष्करी रायफली जमवायच्या असतील तर सुरुवात फ्रान्समधून करावी, असं माझं ठाम मत आहे. इथे १९०० पूर्वीची बहुतेक मॉडेल्स 'डी' वर्गात येतात. वयाची १८ वर्षं पूर्ण असली की परवान्याशिवाय विकत घेता येतात.

लियोंहून गाडीने पाऊण-एक तासात सेंट-एतिएन येतं. उतरल्यावर आधी कला आणि उद्योग संग्रहालय गाठा. बंदुका, सायकली आणि रेशमी फिती, या गावाचे तिन्ही धंदे तिथे एकत्र दिसतात. बंदुकांच्या दालनात निवांत वेळ घालवा. जुनं लाकूड आणि पोलाद कसं दिसतं हे डोळ्यांत बसलं, की बाजारात फसगत कमी होते.

मी बाजारात गेलो ते १८७४ च्या ग्राससाठी. ११ मिलिमीटरची, एका वेळी एकच काडतूस घेणारी, काळ्या दारूची ही रायफल. विक्रेत्याला विचारून बोल्ट, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा सरकता दांडा, काढा आणि उजेडाकडे धरून नळीतून पाहा. मी पाहिलेल्या एकीत आटे, म्हणजे नळीच्या आतल्या पिळदार खाचा, स्वच्छ, धारदार होते. शेजारचीत आटेच नव्हते. लष्कराने काढून टाकलेल्या कितीतरी ग्रास छर्ऱ्याच्या शिकारी बंदुका झाल्या, त्यातलीच ती. मग नळी, बोल्ट, कुंदा यांवरचे नंबर जुळवा. कुंद्याच्या उजव्या बाजूचा गोल शिक्का पुसट असेल तर लाकूड घासलेलं समजा. वर कितीही चमक असो, मी तशी घेत नाही.

नळीमागच्या पोलादी भागाच्या डाव्या बाजूला 'मॉडेल १८६६-७४' कोरलेलं दिसलं तर मात्र थांबा. ती मुळातली शास्पो, १८७० च्या प्रशियाविरुद्धच्या युद्धातल्या फ्रेंच सैन्याची रायफल. कागदी काडतुसाची ही बंदूक पुढे धातूच्या काडतुसासाठी बदलून घेतली. मला तर ती अस्सल ग्रासपेक्षाही मोलाची वाटते.

सीमा ओलांडणार असाल तर कायदा आधी वाचा. जर्मनीत मूळ शास्पो मोकळी, पण ग्रासला परवाना लागतो. स्वित्झर्लंडमध्ये १८७० पूर्वी बनलेलीच बंदूक प्राचीन धरतात. भारतात आणायला आयात परवाना हवा. फ्रान्समध्येही ती उघडी घेऊन हिंडता येत नाही: बोल्ट वेगळा, बंदूक बंद पेटीत आणि पावती खिशात.

संगीनही मिळते. पात्याच्या पाठीवर कारखाना आणि साल कोरलेलं असतं. मुठीजवळचा नंबर म्यानावरच्या नंबराशी जुळला तरच जास्त पैसे मोजा.