रंग एकाचा, विमान दुसऱ्याचं

निपाणीचा माझा भाचा जेवण झालं की गच्चीवर जातो आणि मोबाईलच्या ॲपवर डोक्यावरची विमानं बघत बसतो. परवा त्याचा मेसेज आला, "मामा, फोटोत डीएचएलचं पिवळं विमान आहे, पण खाली कंपनी अमेरिकेची दाखवतंय. ॲप गंडलंय की काय?"

ॲप बरोबर आहे. मी राहतो जर्मनीतल्या लाइपझिग विमानतळाच्या शेजारी. पार्सलं पोचवणाऱ्या डीएचएल कंपनीनं २००८ मध्ये युरोपातलं मुख्य केंद्र ब्रसेल्सहून इथं हलवलं. रात्रभर पिवळी विमानं उतरतात, पण पिवळा रंग बघून विमान कोण चालवतंय ते ठरवू नये, हे इथं लवकर कळतं.

बेळगाव-निपाणीच्या माणसाला यात नवल वाटू नये. शिवशाहीवर नाव एसटीचं, तिकीट एसटीचं. पण सुरुवातीला त्यातल्या कित्येक गाड्या आणि त्यांचे ड्रायव्हर ठेकेदाराचे होते. आणि गाडी कुठली हे बघायला आपली नजर आधी नंबरप्लेटवर जाते, केए-२२ की एमएच-०९. विमानाचंही तसंच. 'वेट लीज'मध्ये विमान, वैमानिक, देखभाल आणि विमा हे सगळं भाड्यानं देणाऱ्याचं. इंधन, विमानतळाचे आकार आणि पोटातला माल भरण्याची जबाबदारी साधारणपणे घेणाऱ्याची. रंग मात्र बऱ्याचदा घेणाऱ्याचा.

तर नंबरप्लेट कुठं बघायची? विमानाच्या मागच्या अंगाला, शेपटीच्या आसपास. सुरुवातीची अक्षरं देशाची: 'डी' जर्मनी, 'जी' ब्रिटन, 'एन' अमेरिका, 'टीएफ' आइसलँड, 'व्हीटी' आपला भारत. पिवळ्या विमानावर 'डी' असेल तर ते बहुधा युरोपियन एअर ट्रान्सपोर्टचं, म्हणजे डीएचएलच्याच घरातलं. 'एन' असेल तर शेवटची अक्षरंही वाचावीत. 'सीके' दिसलं की समजायचं कलिटा एअर. कॉनी कलिटा हा अमेरिकेतला ड्रॅग रेसर, म्हणजे सरळ रस्त्यावर सुसाट गाड्या पळवणारा गडी. कंपनी त्याची, शेपटीवर अक्षरं त्याच्या नावाची, आणि रेडिओवर वैमानिक स्वतःला 'कॉनी' म्हणवतात! ॲटलास एअर या दुसऱ्या अमेरिकी मालवाहू कंपनीवाले 'जायंट' म्हणवतात, पण एवढी गंमत त्यात नाही.

अमेरिकेचा एक नियम मला फार आवडतो. विमान प्रत्यक्ष जी कंपनी चालवते तिचं नाव, नाहीतर तिच्या परवान्याचा क्रमांक, जमिनीवर उभ्या माणसाला वाचता येईल असा विमानावर लिहावा लागतो. अक्षरं केवढी, ते विचारू नका. अख्ख्या अंगावर गिऱ्हाईकाचं नाव आणि चालवणाऱ्याचं दाराजवळ चिमुकलं, हे इथल्या कुंपणाबाहेरून दुर्बिणीतूनच वाचता येतं.

रात्री गच्चीवरून अर्थातच यातलं काही दिसत नाही. तिथं ॲपवरचा तीन अक्षरी कोड कामाला येतो. 'बीसीएस' म्हणजे वर सांगितलेली युरोपियन एअर ट्रान्सपोर्ट. 'बॉक्स' म्हणजे एरोलॉजिक. रेडिओवर त्यांची हाक 'जर्मन कार्गो'. ही कंपनी अर्धी डीएचएलची, अर्धी लुफ्तान्सा कार्गोची. तेव्हा आत माल कोणाचा, हे कोडवरूनही सांगता येत नाही. भाडेकरार थोड्या दिवसांचा असेल तर रंगही देत नाहीत, नुसतं पांढरं विमान येतं. आमच्या कुंपणावरचे म्हातारे जर्मन हौशी अशा पांढऱ्या विमानावरच जास्त खूश असतात, कारण तिथं खरी परीक्षा.

दुसरा प्रकार 'ड्राय लीज'. त्यात फक्त विमान भाड्याचं, वैमानिक घेणाऱ्याचे, आणि नोंदणीही बहुतेक वेळा त्याच्याच देशात. तिथं नंबरप्लेट काहीच सांगत नाही; मालक शोधायला कागदपत्रंच बघावी लागतात.

भाच्याचा पुढचा प्रश्न, "आणि आपल्याकडं?" आपल्याकडं जानेवारी २०२३ मध्ये ॲमेझॉन एअर सुरू झालं. ते उडवायला घेतलं बेंगळुरूच्या क्विकजेट कंपनीनं, बोइंग ७३७-८०० विमानं, नोंदणी 'व्हीटी'. म्हणजे पुढच्या वर्षी तो बेंगळुरूला कॉलेजला गेला की विमानतळाच्या बाजूला फिरायला हरकत नाही. फोटो काढलास तर नाकाचा नको रे बाबा, शेपटीकडचा काढून पाठव.